यादी छापताय ना, मग पुस्तकं जोडीने छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत "आपला समाज आणि संस्कृती समजून घ्यायची तर काय वाचाल" अशी यादी आली होती, ती मी कापून ठेवलीय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकली. खरं सांगते, असं काही पेपरात येतंय हे बघून फार बरं वाटलं, कारण हल्ली पुरवणीत वाचण्यापेक्षा बघायलाच जास्त असतं. पण यादी दोन-तीनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकत राहिली म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय थोडं, काटछाट करायची तर करा, फक्त मुद्दा राहू द्या.

मुद्दा असा की तुम्ही एकेका विषयाला एकेक पुस्तक दिलंय. गाव म्हटलं की एक, जात म्हटलं की एक, बायका म्हटलं की एक, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की चला, हे वाचलं म्हणजे हा विषय झाला. तसं होत नाही हो. समाज कळायचा असेल तर एकाच विषयावर कमीत कमी दोन पुस्तकं लागतात आणि ती दोन एकमेकांशी भांडणारी लागतात, एक लांबून किंवा वरून बघणाऱ्याचं आणि दुसरं त्यात जगलेल्या माणसाचं. पेपरचंही तेच, बातमीचंही तेच, सरकारी आकड्यांचंही तेच.

तुमच्याच यादीतलं उदाहरण घेते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' तुम्ही पहिल्या नंबरवर टाकलाय, टाकायलाच पाहिजे. १९१५ चं पुस्तक, सरकारी नोकरीतल्या माणसाने लिहिलेलं, आणि पाटील-कुलकर्णी कोण, बलुतेदार कोण, खळ्यावर कोणाला किती पेंढ्या आणि त्या कशाच्या बदल्यात, हे इतक्या बारकाईने मराठीत क्वचितच कोणी सांगितलं असेल. पण तेच आत्रे जेव्हा फिरस्त्यांकडे येतात, म्हणजे गावोगाव हिंडून पोट भरणाऱ्या जातींकडे, तेव्हा त्यांची नजर गावात बसलेल्या माणसाची होते, ही माणसं म्हणजे कुणब्याच्या डोक्यावरचा भार, यांच्यापासून जपून राहा, असा सगळा सूर. आता हे वाचून झालं की लगेच लक्ष्मण मानेंचं 'उपरा' हातात घ्या, १९८० चं. कैकाडी कुटुंब, गाढवावर बिऱ्हाड, टोपल्या विणून विकायच्या, गावाबाहेर पाल टाकायचं आणि गावाने हाकललं की उठायचं, आणि त्यातच बापाने पोराला शाळेत घातलेलं. गाव तेच असतं, फक्त आता तुम्ही वेशीच्या बाहेर उभे असता. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली की जे कळतं ते दोन्ही वेगवेगळी, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने वाचून कळत नाही. 'उपरा' तुमच्या यादीत नाहीच. दया पवारांचं 'बलुतं' आहे, १९७८ चं, ते ठेवा, पण तेही 'गावगाड्या'च्या शेजारी ठेवा, लांब "आत्मचरित्रे" असा वेगळा कप्पा करून त्यात टाकू नका. कारण 'बलुतं' हा एका माणसाच्या आयुष्यातून सांगितलेला गावगाडाच आहे.

बायकांविषयी तुम्ही ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' दिलीत, मनापासून आभार. पण ते पुस्तक आलं कसं ते दोन ओळीत सांगितलं असतं तर किती जणींनी ते उचललं असतं! सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने पेपरवाल्यांनी एकूण बायकांच्याच चारित्र्यावर लिहायला सुरुवात केली, आणि बुलढाण्याला बसून हे वाचणाऱ्या ताराबाईंनी १८८२ मध्ये सगळ्या पुरुषजातीला उलट जाब विचारला. म्हणजे मराठीतलं हे इतकं मोठं पुस्तक पेपर वाचून संतापलेल्या एका वाचक बाईने लिहिलेलं आहे. आणि मग ते विसरलं गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालश्यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं, मधे ९३ वर्षं गेली. याच्या जोडीला बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' द्या. ताराबाई मराठा घरातल्या, शिकलेल्या, बेबीताई फलटणकडच्या महार वस्तीतल्या, दुकान सांभाळता सांभाळता लपूनछपून लिहिणाऱ्या. दोघींचा राग खरा आहे पण तो वेगवेगळ्या जागेवरून येतो, आणि सुनेचे हाल बेबीताई सांगतात तेव्हा आपल्याच वस्तीतल्या सासवांनाही सोडत नाहीत. आमच्या वाचनकट्ट्यावर एकीने हा भाग मोठ्याने वाचला, वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.

आता मी जिथे राहते तिथलं सांगते, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. तुमचा पेपर ठाणे-नवी मुंबईत घरोघरी जातो, आमच्यासाठी वेगळं पान काढता, पण यादीत ठाणे जिल्ह्यातलं एकही पुस्तक नाही. मी घणसोलीला सेक्टरमध्ये टॉवरमध्ये राहते, खाली उतरून पाच मिनिटं चाललं की घणसोली गाव. इकडे आलेल्यांपैकी बहुतेकांना असं वाटतं की इथे आधी मोकळी जागा होती आणि मग सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली. सिडकोची स्थापना १९७० ची, प्रकल्पाचं क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर, त्यात ९५ गावं होती. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले तेव्हा उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि आज जे साडेबारा टक्के, साडेबारा टक्के म्हणून इस्टेट एजंटच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत, ते त्या लढ्यातून आलेलं आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये बेलापूरला सिडको भवनाजवळ हजारोंनी लोक जमले, तेव्हा आमच्या ग्रुपवर ट्रॅफिकच्या तक्रारी चालल्या होत्या, एवढी गर्दी कशासाठी हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. यात त्यांचा दोष कमी आणि आपण त्यांना वाचायला काय दिलं याचा जास्त आहे असं मला वाटतं.

कट्ट्यावर गावातले एक आगरी काका येतात. त्यांना आम्ही म्हटलं तुमच्याकडे जुनं काही लिहिलेलं असेल तर आणा, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला वडिलांचा जुना सातबारा घेऊन आले. कागद घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेली. पिकाच्या रकान्यात भात लिहिलेलं होतं, नंतर केलेल्या उताऱ्यावर कब्जेदाराच्या जागी सरकारचं नाव. काका म्हणाले, "हे पण वाचायचंच ना गं, हे आमचं पुस्तक." आम्ही तो कागद सगळ्यांनी हातात घेऊन वाचला, आणे-पैशातला आकार, सर्व्हे नंबर, हद्दी सगळं. कोणीतरी विचारलं हा नंबर आता कुठे येतो, तर काका म्हणाले शाळा आहे तिथे. शाळेत जाणारी पोरं आमच्यातल्याच काहींची. समाज समजून घ्यायला काय वाचावं या यादीत जुने सातबारे, फेरफार, गावचे नकाशे हे पण येतात, आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाहीत, शेजारी जाऊन मागावे लागतात.

याच्या जोडीला दुसरं टोक म्हणजे इंग्रजांनी काढलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १३ वा आणि १४ वा खंड, १८८२ चे. सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, इंग्रजीत आहेत. भात कुठलं पिकायचं, मीठ कसं बनवायचे, कुठल्या बंदरातून काय जायचं, आगरी, कोळी, वारली, कातकरी लोक काय खायचे काय नेसायचे, सगळं आहे आणि माहितीचा खजिना आहे यात वादच नाही. पण एकेका जातीबद्दल साहेब जे हुकमी शेरे मारतो, हे लोक असे आणि ते लोक तसे, ते वाचताना काकांची पिशवी डोळ्यासमोर असायला पाहिजे. ज्याला कर गोळा करायचा आहे तो माणसांची नोंद कशी करतो आणि ज्याच्याकडून कर गेला तो स्वतःबद्दल काय सांगतो, हे दोन्ही समोर ठेवायचं.

आणि ठाणे जिल्ह्याबद्दल एकच पुस्तक सुचवा म्हटलं तर मी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' सांगेन, साहित्य अकादमी मिळालेलं, तरी ठाण्यातल्या माझ्या ओळखीच्या पदवीधरांपैकी फार थोड्यांनी वाचलेलं. पुण्यातली वकिली शिकलेली ही बाई १९४५ मध्ये वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिली. तेव्हाचं डहाणू-उंबरगाव-तलासरी म्हणजे ठाणे जिल्हाच, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यात लग्नगड्यांचं जे आहे ते मी कधी विसरणार नाही. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, किती वर्षं ते ठरलेलं नाही, कर्ज फिटतच नाही, हिशोब त्याच्याकडेच, यांना वाचता येत नाही. आणि वेठ, म्हणजे बोलावलं की फुकट जायचं. टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली जानेवारी १९४५ मध्ये, आपल्या कल्याणच्या पुढचं टिटवाळा, गणपतीला जातो ते, तिथे वारली प्रतिनिधी आले आणि मग मे महिन्यात झरी गावात त्यांची स्वतःची परिषद झाली, वेठ बंद करायचं ठरलं. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काही जण गेले. हे सगळं बाई ज्या साधेपणाने लिहितात, कुठे भाषण नाही, कोण काय बोललं, कोण घाबरलं, कोण पहिल्यांदा उठून नाही म्हणाला एवढंच. वारली पेंटिंगचे कप आणि कुर्ते आपल्या मॉलमध्ये भरपूर मिळतात. ते विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं. जोडीला मिलिंद बोकिलांचं 'कातकरी : विकास की विस्थापन?' घ्या, ते अभ्यासकाचं पुस्तक आहे, आणि वीटभट्टीवरचे कातकरी मजूर सोडवले अशी बातमी तुमच्याच पानावर येते तेव्हा तिच्या मागचं सगळं त्यात सापडतं.

संस्कृतीवर तुम्ही सण, दागिने, खाद्यपदार्थ अशी पुस्तकं दिलीत, ठीक आहे, मला त्यावर फार बोलायचं नाही. फक्त वारी आहे म्हणून इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख जरूर सांगा. बाई पालखीबरोबर चालल्या, आनंदाने चालल्या, पण एकाच विठ्ठलाला निघालेल्यांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हे त्यांना बोचलं आणि ते त्यांनी लिहिलं. ज्या देशाचे लोक वारीला पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्याही त्यांना याच वाटेवर सुचली, म्हणजे प्रेम आणि बोच एकाच लेखात. आणि मग रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय', जड आहे, पण हळूहळू वाचलं तर गवळी-धनगरांचा देव इतक्या सगळ्यांचा कसा झाला ते उलगडत जातं.

आता बातम्यांकडे येते, कारण यादीत "विश्वासार्ह माध्यमे" म्हणून तुम्ही चार-पाच नावं दिलीत आणि विषय संपवलात. कुठलाही एक पेपर वाचून समाज कळत नाही, आणि हे मी तुमच्याच पेपरला लिहितेय याचं वाईट वाटून घेऊ नका. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, असं बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहून ठेवलंय. त्या काळचा फक्त 'केसरी' वाचणारा माणूस घ्या, हुशार, देशभक्त, रोज नेमाने पेपर वाचणारा, त्याला आपल्याच प्रांतात एवढी मोठी गोष्ट सुरू होतेय याचा पत्ता लागला नसता. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक सरकारने पुस्तकरूपाने छापलेत, फुल्यांचं समग्र वाङ्मयही सरकारने स्वस्तात काढलंय, ते जुन्या पेपरांबरोबर ताडून बघा. इकडे आपल्या शेजारी अलिबागला चरी गावच्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध, म्हणजे जमिनीवर हक्क सांगणाऱ्या सारावसुलीदारांविरुद्ध, संप केला, शेती न करण्याचा संप, तो साधारण सहा वर्षं चालला, आणि त्या लढ्यातच नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये 'कृषीवल' सुरू केला. आपलं म्हणणं कोणी छापत नाही म्हटल्यावर लोक स्वतःचा पेपर काढतात, म्हणून कोणी कोणता पेपर का काढला हे बघितलं की समाजात तेव्हा कोण गप्प बसवलं गेलं होतं ते आपोआप कळतं.

आजचं सांगायचं तर कांदा घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आम्ही वाशीच्या एपीएमसीच्या जवळ राहणारे, आमच्यासाठी बातमी होती की भाव उतरणार, किचनला दिलासा. त्याच आठवड्यात 'ॲग्रोवन' हा शेतीचा पेपर उघडला असता तर नाशिककडच्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पाडलेले शेतकरी दिसले असते, रोपं, मजुरी, चाळीत साठवलेल्या मालाचं काय होणार याचा हिशोब दिसला असता. तोच कांदा आणि तोच निर्णय, पण शहरातल्या माणसाने फक्त शहरातलं पान वाचलं तर त्याला शेतकरी का चिडलाय ते जन्मात कळणार नाही, आणि मग तो म्हणतो यांना सतत काहीतरी पाहिजेच असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की शहरात राहत असाल तर शेतीचा एक पेपर वाचा, भले रोज नको, आठवड्यातून दोनदा.

ग्रामीण भागाच्या मोठ्या, निवांत बातम्या हव्या असतील तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, मराठीतही आहे आणि फुकट आहे. तिथे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्या, त्यातल्या कितीतरी रेकॉर्डिंगसकट ऐकता येतात. ज्या बायकांना कोणी लिहायला शिकवलं नाही त्यांनी नवऱ्याबद्दल, भावाबद्दल, पावसाबद्दल, बाबासाहेबांबद्दल काय म्हटलंय ते त्यांच्याच आवाजात आहे. लोकलमध्ये कानात हेडफोन असतोच की, ऐका. 'साधना' साप्ताहिक सानेगुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला काढलं ते अजून चालू आहे, 'मिळून साऱ्याजणी' १९८९ पासून आहे, इंग्रजी चालत असेल तर मुंबईतूनच निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली आहे, अवघड वाटतं पण संपादकीय आणि छोटे लेख कळतात. आणि एखादा शब्द अडला, खोती काय, कूळकायदा काय, तर यूट्यूबवर जायच्या आधी मराठी विश्वकोश बघा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला, सगळा ऑनलाइन आहे, तोही फुकट.

आकड्यांचं तुमच्या यादीत काहीच नाही, ते पण टाका. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीत येते, पीडीएफ मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकं आहेत, २०१९-२१ ची, किती मुलं कमी वजनाची, किती मुलींची लग्नं अठराच्या आत, थोड्याच पानांत. पण आकडा वाचताना वर्ष आधी बघायचं. जनगणना शेवटची झाली २०११ ला, तेव्हा अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त, आणि अजूनही कित्येक लेखांत हाच आकडा आजचा म्हणून चालतो, तेव्हाचा जिल्हा आता दोन झालाय तरी. सगळ्या जातींची छापलेली मोजणी तर १९३१ ची शेवटची. आता नवीन जनगणनेत जातही विचारणार आहेत, पण तोवर जातीवर जो तो छातीठोक टक्के सांगतो त्यातलं बरंचसं नव्वद वर्षांपूर्वीच्या पायावर उभं आहे. पेपरने हे वारंवार सांगितलं पाहिजे.

फॉरवर्डबद्दल एवढंच म्हणते की आमच्या ग्रुपवर आम्ही नियम केलाय, इतिहासाचं काही टाकलं तर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर टाकायचा, नाहीतर टाकायचं नाही. सुरुवातीला लोक रुसले, आता फॉरवर्ड खूप कमी झालेत आणि जे येतात त्यावर नीट बोलणं होतं.

पुस्तकं मिळणार कुठे, हा पुढचा प्रश्न येतोच. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं, ठाण्यात राहून तिथे पाऊल न टाकलेली माणसं मला भेटतात तेव्हा मी त्यांना हाताला धरून नेते. ऐरोलीला बाबासाहेबांच्या स्मारकात चांगलं ग्रंथालय आहे, शांत बसून वाचता येतं. पण नवी मुंबईच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने वसवलेल्या उपनगरांत, सेक्टरनिहाय वाचनालय म्हणाल तर फार कमी, जिम आहेत, बँक्वेट हॉल आहेत, वाचायला चार टेबलं नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ-ब-क-ड वर्ग पाडून अनुदान मिळतं, पण नव्या वस्तीत वाचनालय काढायला पुढाकार कोण घेणार, यावर तुमच्या ठाणे पानाने एक चांगली बातमी करावी, प्रश्न विचारावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मुख्य मागणी. दर रविवारी यादी नको, रोजच्या पेपरातच मोठ्या बातमीखाली दोन ओळींची जागा ठेवा, ही बातमी समजून घ्यायला काय वाचाल म्हणून, आणि तिथे नेहमी दोन नावं द्या, एक बाहेरून बघणाऱ्याचं, एक आतल्याचं. विमानतळाची बातमी असेल तर खाली १९८४ बद्दल काय वाचायचं ते द्या. पालघरच्या कुपोषणाची असेल तर आरोग्य पाहणीचं पत्रक आणि परुळेकरबाई. कांद्याची असेल तर शेतकऱ्याने लिहिलेलं काहीतरी. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० मध्ये 'प्रभाकर'मध्ये १०८ पत्रं लिहिली आणि पेपरने ती छापली, त्यात स्वतःच्याच समाजाला बोल लावलेले होते, वाचकांना झोंबणारं होतं, तरी छापली. दोन ओळींना जागा निघेल. आणि ही नावं ठरवताना पुण्या-मुंबईच्या चार समीक्षकांना विचारता तसं दिवाळे कोळीवाड्यातल्या, येऊरच्या पाड्यावरच्या, कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनाही विचारा, ते काय वाचतात आणि त्यांच्या लोकांबद्दल कोणी खरं लिहिलंय असं त्यांना वाटतं.

आमच्या कट्ट्यावर पुढच्या महिन्यात 'गावगाडा' आणि 'उपरा' एकत्र घेतोय. रविवारी सकाळी साडेनऊला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये असतो, पुरवणीच्या टीममधलं कोणी आलं तर आम्हाला खूप आनंद होईल, आधी एक फोन केलात तर दोन्ही पुस्तकं वाचायला पाठवून देऊ.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
घणसोली, नवी मुंबई